ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी ठरवा

नागपुरात बर्डीच्या दुकानात पहिला पीसी जुळवायला आलेला गिऱ्हाईक बहुधा कार्डाचं नाव पाठ करूनच येतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचं कसंबसं कोंबतो. क्रम उलटा हवा: आधी मॉनिटर, मग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट, आणि त्यांना झेपेल ते कार्ड.

मॉनिटर फुल एचडी आणि ६० किंवा ७५ हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला तितकीच चित्रं, अर्थात फ्रेम्स, दाखवणारा) असेल तर एएमडीचं आरएक्स ६६०० पुरतं; त्याहून महाग कार्डाने काढलेल्या जादा फ्रेम्स पडद्यावर दिसतच नाहीत. १४४ हर्ट्‌झ असेल तर एनव्हिडिआचं आरटीएक्स ४०६०, ५०६० किंवा एएमडीचं आरएक्स ७६०० बघा. १४४०पी (फुल एचडीपेक्षा बारीक चित्राचा मॉनिटर) घेणार असाल तर कार्डाच्या ८ जीबी मेमरीवर थांबू नका. मेमरी भरली की कार्ड पीसीच्या रॅमकडून उसनं मागतं आणि गेम अडखळायला लागतो. सरासरी फ्रेम्सचा आकडा तेव्हाही बरा दिसतो, म्हणून नुसत्या सरासरीवर जाऊ नका. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे, पण बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ते फार मागे पडतं. जुन्या बोर्डावर त्याच्या वाटेला जाऊच नये. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन्ही मेमरींत येतात, नाव तेच. बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्या. ब्लेंडरसारखं थ्रीडीचं काम असेल तर मात्र एनव्हिडिआच घ्या, तिथे फरक मोठा आहे.

आता प्रोसेसर. रायझन ५ ५६००जी (याला स्वतःचं ग्राफिक्स असतं) घेऊन 'पुढे कार्ड टाकू' असं बरेच जण ठरवतात. हा प्रोसेसर बी५५० बोर्डावरही पीसीआयई ३.० वरच (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जुन्या, हळू रस्त्यावरच) चालतो, आणि ४०६० किंवा ७६०० सारखी कार्डं १६ ऐवजी ८ लेनच वापरतात. एरवी फारसं जाणवत नाही, पण मेमरी भरल्यावर हाच रस्ता अरुंद पडतो. आरएक्स ६५०० एक्सटीला तर ४ लेन आणि ४ जीबी, म्हणून ते पीसीआयई ३.० वर घेऊच नका.

पैसे वाया जातात ते एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या '५०० वॅट'वाल्याचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, आय५-१२४००एफ जोर लावून ११७, आणि पंखे, ड्राइव्ह, बोर्ड मिळून ५० धरा. झाले २८२. गेम सुरू झाल्यावर पीसी धाडकन बंद पडतो आणि दोष कार्डाला जातो. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवल्याचा शिक्का असलेला) एसएमपीएस १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास देतो, तो घ्या. यूपीएसचंही तसंच: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, त्यावर मॉनिटरही लावला की लाइट जाताच गेमच्या मधोमध तो माघार घेऊ शकतो.

कॅबिनेटमध्ये मागच्या स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेप लावून मोजा. कार्डाच्या लांबीपेक्षा २ सेंटिमीटर तरी जास्त हवेत. दोन पंख्यांचं कार्ड २० ते २५ सेंटिमीटर, तीन पंख्यांचं ३० च्या पुढेही जातं.

नागपूरच्या उन्हाळ्यात खोली २८ वरून ४२ अंशांवर गेली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं. जानेवारीत ६८ वर चालणारं कार्ड नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ८२ दाखवेल, आणि ८३-८४ च्या आसपास बरीच कार्डं स्वतःच वेग उतरवतात. ११५ वॅटच्या कार्डाला त्यासाठी तीन पंख्यांचं मॉडेल लागत नाही. तो पैसा पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये घाला: पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. समोर अखंड काच असलेलं कॅबिनेट इथे शोभेची वस्तू आहे. खोलीतल्या पाण्याच्या कूलरची हवा खोली गार करते म्हणून कार्डालाही बरी, पण कॅबिनेट त्याच्या थेट तोंडासमोर नको. खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर क्षार सोडतात.

बसवताना मेन स्विच बंद करा, मागच्या दोन पट्ट्या काढा, स्लॉटची खिट्टी उघडा आणि कार्ड सरळ दाबा. खिट्टीचा टक आवाज आल्याशिवाय स्क्रू लावू नका. पॉवरची केबल ६+२ वाली घ्या. ४+४ वाली प्रोसेसरची असते, तीही ८ पिनचीच, पण जोडणी वेगळी, म्हणून जबरदस्तीने ठोकू नका. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, कार्डात. १२४००एफ सारख्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, बोर्डात केबल लावली की पडदा काळाच राहतो आणि कार्ड 'डेड' म्हणून परत नेलं जातं.

जुनं कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. जुन्या चिपला नवीन नाव दिलेलं कार्ड असेल तर बहुधा नावाआधी 'फेक' दिसतं. मग अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवून तापमान, पंख्यांची खरखर आणि पडद्यावरचे ठिपके बघा. नवीन असेल तर जीएसटी बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी दुकानातच ताडून घ्या, घरी पोचल्यावर नव्हे.