तोंडओळखीतून मैत्रीकडे: निवांत भेटी कशा सुरू कराव्यात

शाळा-कॉलेजात मैत्री जमवावी लागत नव्हती, ती होऊन जायची. रोज तीच माणसं, तोच बाक, हाताशी भरपूर रिकामा वेळ. पुढे नोकरी, संसार, गाव बदलणं यांत हे सगळं सुटतं आणि मग वाटायला लागतं की आपल्यातच काही कमी आहे. तसं अजिबात नाही. कमी पडतात त्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या, कामाशिवायच्या भेटी. त्या मुद्दाम उभ्या करता येतात. त्यासाठी मोठा कार्यक्रम नको, बोलघेवडा स्वभावही नको. तीच चार-पाच माणसं, तीच जागा, तीच वेळ आणि काही महिन्यांची चिकाटी पुरते.

आधी तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या गावी राहायला गेलेल्यांना विचारलं होतं, की नव्या ओळखीच्या माणसासोबत किती वेळ गेला आणि नातं कुठवर आलं. त्यांचा अंदाज असा: तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९०च्या आसपास आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. कामानिमित्त एकत्र काढलेल्या तासांचा उपयोग कमी होतो. गप्पा, खेळ, नुसतं सोबत बसणं यांचा जास्त.

आता दोन तासांची एक भेट धरा. महिन्यातून एकदा भेटलात तर ५० तासांना दोन वर्षं लागतील. पंधरवड्याला भेटलात तर एक वर्ष, दर आठवड्याला भेटलात तर सहा महिने. म्हणून भेट आठवड्याची किंवा फार तर पंधरवड्याची ठेवा. महिन्याच्या भेटीत प्रत्येक वेळी ओळख नव्यानं करावी लागते, आणि एखादी चुकली की मध्ये दोन महिने जातात.

कोणाला बोलवायचं

आपल्यासारख्याच आवडीनिवडीची माणसं शोधत बसू नका. जवळ राहणारी शोधा. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास मांडला. तिथे मैत्री सगळ्यात जास्त जुळली होती ती शेजारच्या दाराशी. तळमजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांचे मित्र वरच्या मजल्यावरही होते, कारण येता-जाता गाठ पडायची. पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता येईल अशा अंतरावरचा माणूस थकलेल्या दिवशीही येतो. दोन वाहनं बदलून येणारा पहिल्या पावसाला गळतो, मग त्याची इच्छा कितीही असो.

कागदावर आठ नावं लिहा: इमारतीतले, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी भेटणारे, व्यायामाला किंवा वाचनालयात दिसणारे, जुन्या नोकरीतले पण आता जवळ राहणारे. नाव माहीत नसलेला रोजचा चेहराही चालेल. नाव विचारायला हे चांगलं निमित्त आहे. आठांना बोलावलं की चार-पाच येतात, आणि तेवढेच हवेत. एकत्र चाललेलं बोलणं साधारण चार जणांपर्यंतच टिकतं. त्याहून जास्त झाले की गट आपोआप फुटतो, असं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या निरीक्षणात आढळलं आहे. सहा-सात आले तर दोन घोळके होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आठमधले पाच आधीपासून एकमेकांचे घट्ट मित्र असतील तर मात्र यादी बदला. ते त्यांच्या जुन्या आठवणींत रमतात आणि बाकीचे तिघे ऐकत राहतात.

जागा आणि हाताला काम

जागा सार्वजनिक असावी, शांत असावी, तासभर बसलं तरी कोणी उठवू नये, आणि जवळ स्वच्छतागृह असावं. आधी एकदा त्याच वारी, त्याच वेळी जाऊन पाहून या. सकाळी निवांत असलेली बाग संध्याकाळी गजबजलेली असू शकते. एका रांगेतला बाक टाळा, कारण टोकाच्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. गोल किंवा समोरासमोर बसता आलं पाहिजे. पाऊस आला तर कुठे जायचं, तेही आधीच ठरवा.

सुरुवातीच्या चार-पाच भेटींत नुसत्या गप्पा ठेवू नका. अनोळखी माणसांमधली शांतता फार जड होते. हाताला किंवा पायाला काहीतरी काम असलं की ती शांतता खुपत नाही. चालणं सगळ्यात उत्तम. शेजारी-शेजारी चालताना सतत डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, संकोची माणूस मोकळा होतो, आणि वळणावळणावर जोड्या आपोआप बदलतात. पत्ते किंवा पटावरचा खेळ घ्यायचा तर दहा मिनिटांत समजेल असाच घ्या. चित्र काढणं, विणकाम, सायकलची डागडुजी, बागकाम, काहीही चालेल. फक्त बोलता येणार नाही असं काही नको. सिनेमाला एकत्र गेलात तर दोन तासांत एक वाक्यही होत नाही.

निरोप कसा धाडायचा

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. ‘कधीतरी भेटू या’ याला सगळे हो म्हणतात आणि कोणीच भेटत नाही. ‘कोणता दिवस जमेल?’ असं गटात विचारलं की आठ जणांचे आठ दिवस येतात आणि विषय मागे पडतो. दिवस तुम्हीच ठरवा आणि प्रत्येकाला वेगळा निरोप धाडा:

‘नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी सात ते नऊ तळ्याच्या मुख्य फाटकापाशी आम्ही चार-पाच जण जमतोय. तळ्याला दोन फेऱ्या आणि मग जरा बसणं, एवढंच. तुम्ही आलात तर आवडेल. आधी कळवायची गरज नाही. मी सात वाजता तिथे आहेच. या वेळी नाही जमलं तर पुढच्या शनिवारी, त्याच वेळी.’

यात वार, वेळ, जागेची खूण, काय करायचं आणि संपायची वेळ, सगळं आहे. संपायची वेळ फार महत्त्वाची. किती वेळ अडकून पडू हे कळत नसलं की माणूस नाहीच म्हणतो. शेवटच्या वाक्यानं नकाराचं ओझंही उतरतं. आदल्या संध्याकाळी एका ओळीची आठवण द्या. त्याहून जास्त पाठपुरावा नको.

पहिली दहा मिनिटं

दहा मिनिटं आधी पोचा. नवा माणूस लांबून घोळका बघतो, हाच का तो म्हणून घुटमळतो आणि कधीकधी तसाच परत फिरतो. तो दिसला की उठून दोन पावलं पुढे जा, नावानं हाक मारा आणि ओळख करून देताना एक धागा हातात द्या: ‘या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, गच्चीत रोपं लावतात. तुम्हीही परवा कुंड्यांबद्दल विचारत होतात.’ नुसतं नाव सांगितलं तर दोघंही हसून गप्प होतात.

‘काय करता?’ हा प्रश्न जरा लांबवा. नोकरी सुटलेल्याला, घर सांभाळणाऱ्याला तो टोचतो. ‘इथे राहायला कधी आलात?’, ‘सुट्टीच्या दिवशी काय करायला आवडतं?’ हे सोपे पडतात. उत्तर आलं की त्यातलाच एक शब्द धरून पुढचा प्रश्न विचारा. नावं आणि एखादा तपशील घरी गेल्यावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘आईचं ऑपरेशन नीट झालं का?’ असं विचारलंत की त्या एका वाक्यानं अंतर खूप कमी होतं.

ठरल्या वेळी भेट संपवा, गप्पा रंगात असल्या तरीही. ज्यांना थांबायचंय ते थांबतील, पण ज्यांना निघायचंय त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये.

पहिल्या भेटीनंतर घरी येताना हमखास वाटतं, की आपण फारच बोललो किंवा काहीच बोललो नाही. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या प्रयोगांत दिसलं, की नव्या माणसाशी बोलल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा अंदाज लोक खऱ्यापेक्षा कमी करतात. म्हणजे ती हुरहुर दोन्हीकडे असते. पुढचा निरोप ठरल्याप्रमाणे धाडा.

कुठे बिघडतं

तिसऱ्या-चौथ्या भेटीला संख्या घटते. पहिलं कुतूहल संपलेलं असतं आणि सवय अजून लागलेली नसते. इथेच बहुतेक गट मोडतात, कारण बोलावणारा नाराज होऊन वेळ किंवा वार बदलतो आणि उरलेल्यांचाही गोंधळ होतो. काही बदलू नका. दोघंच आलात तर दोघंच चाला. दोनपेक्षा जास्त भेटींना कोणीच आलं नाही तर मात्र वेळ चुकली आहे असं समजा आणि एकदाच बदला.

एकच जण बोलत राहतो, हाही नेहमीचा त्रास. त्याला गप्प करू नका. गप्प असलेल्याकडे नाव घेऊन प्रश्न वळवा. ‘तुमच्याकडे कसं असतं हो?’ एवढं पुरतं.

मोबाइलवरचा गट फक्त वार-वेळेसाठी ठेवा. तिथे फॉरवर्ड आणि राजकारण सुरू झालं की शेजारचे दोघे प्रत्यक्ष भेटण्याआधीच एकमेकांवर रागावलेले असतात. कोणी योजना किंवा वस्तू विकायला लागला तर पहिल्याच वेळी, बाजूला घेऊन, स्पष्ट सांगा. आपण गिऱ्हाईक आहोत असं सगळ्यांना वाटलं तर पुढच्या वेळी कोणी येत नाही. खर्च ज्याचा त्यानं करायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवा. ज्यांची ओळख फक्त ऑनलाइन झाली आहे त्यांना सुरुवातीला चारचौघांतच भेटा, घरच्या कुणाला तरी सांगून जा आणि घरचा पत्ता घाईनं देऊ नका.

गटातून दोघांकडे

गटातली ओळख आपोआप मैत्री होत नाही. चार-पाच भेटींनंतर ज्या एक-दोघांशी सूत जुळतंय असं वाटतं, त्यांना वेगळं भेटा. त्यासाठी काही खास कारण लागत नाही. ‘उद्या बाजारात चाललोय, येता का सोबत?’ किंवा ‘ती कुंडी कशी भरायची, दाखवाल का?’ अशी छोटी, होणारी मदत मागणं मोठ्या आमंत्रणापेक्षा सोपं जातं, आणि समोरच्यालाही पुढे आपल्याकडे काही मागायची मोकळीक मिळते. दोनदा विचारून दोन्ही वेळा नकार आला आणि त्यानं स्वतःहून दुसरा दिवस सुचवला नाही, तर आग्रह सोडा. गटात मात्र पूर्वीसारखंच हसून बोला.

दोन-तीन महिन्यांनी जागेवर आधी पोचण्याची, निरोप धाडण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्ही आजारी पडलात आणि त्या शनिवारीही सगळे फाटकापाशी जमले, की गट उभा राहिला. नवीन माणसं त्यानंतर आणा, एका वेळी एक, आणि आणणाऱ्यानं त्या दिवशी त्याच्या शेजारी चालायचं.