नव्या हायब्रिड सायकलचे हँडल आणि जोडसामान: आधी काय, मग काय

खोक्यातून आलेली हायब्रिड सायकल बहुतांशी जोडलेलीच असते. हँडल केबलींच्या आधारावर बाजूला लोंबत असते, पुढचे चाक सुटे असते, पॅडल छोट्या पिशवीत असतात आणि सोबत दोन-तीन ॲलन की, म्हणजे षटकोनी चाव्या, दिलेल्या असतात. उरलेले काम तासाभराचे आहे. मात्र क्रम चुकला तर ते दोनदा करावे लागते. माझी सायकल आली त्याच संध्याकाळी मी उत्साहाने घंटी, दिवा आणि मोबाइलचा स्टँड हँडलवर आवळून टाकला. आठवड्याने ब्रेकचे लिव्हर थोडे आत घ्यावेत असे वाटले, तेव्हा तेवढीही जागा शिल्लक नव्हती आणि सगळे सामान पुन्हा उतरवावे लागले. म्हणून आधी सीट, मग हँडल, मग लिव्हर आणि जोडसामान अगदी शेवटी, हा क्रम सोडू नये.

त्याही आधी फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी पाय, सरळ आहे ना, एवढे पाहावे. खोक्यात जागा वाचवण्यासाठी फोर्क अनेकदा उलटा फिरवलेला असतो आणि तो तसाच ठेवून हँडल बसवलेल्या सायकली रस्त्यावर खुशाल फिरताना दिसतात. नेहमीच्या रचनेत डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकावरची चकती पकडणारा भाग, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, फोर्कच्या मागच्या बाजूस असतो. तो पुढे आलेला दिसला तर फोर्क उलटा आहे असे समजावे. रबरी गुटक्यांचे व्ही-ब्रेक असतील तर ते फोर्कच्या पुढच्या बाजूस असायला हवेत.

सीटची उंची ठरवण्याची जुनी रीत आजही पुरेशी आहे. तिच्यासाठी पॅडल आधी लावून घ्यावेत; ते कसे लावायचे हे शेवटी दिले आहे. भिंतीला टेकून सीटवर बसावे, पॅडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी; पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीटच्या दांड्यावरील मर्यादेची खूण नळीच्या बाहेर येता कामा नये. हँडलची उंची ही सीटच्या तुलनेत ठरवायची असल्याने हे आधी करावे लागते.

आता हँडल. आजच्या बहुतेक हायब्रिड सायकलींत फोर्कची नळी थेट वरपर्यंत येते आणि तिच्यावर स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा आडवा तुकडा, बाहेरून चिमट्यासारखा आवळलेला असतो. स्टेमच्या खाली-वर ५ किंवा १० मिमी जाडीच्या चकत्या असतात, त्यांना स्पेसर म्हणतात. सर्वांत वर टोपी आणि तिच्या मधोमध एक बोल्ट दिसतो. हँडल हलते म्हटले की हात आधी याच बोल्टकडे जातो आणि चूक तिथेच होते, कारण हा बोल्ट हँडल धरून ठेवतच नाही. तो स्टेम आणि स्पेसर खाली दाबून हेडसेटच्या, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो त्या सांध्याच्या, बेअरिंगमधील ढिलाई काढतो, एवढेच त्याचे काम आहे. हँडलला धरून ठेवतात ते स्टेमच्या मागच्या बाजूचे दोन आडवे बोल्ट. वरचा बोल्ट जोराने आवळला तर बेअरिंग जखडतात, हँडल जड होते आणि सायकल सरळ रेषेत चालत नाही.

उंची बदलताना सायकल जमिनीवर उभी ठेवून पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरावे. वरचा बोल्ट आणि टोपी काढावी, मग बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करून स्टेम वर ओढून काढावा. या वेळी फोर्क खाली घसरू शकतो, म्हणून सायकल उचलू नये. हँडल खाली हवे असेल तर स्टेमखालचा एक स्पेसर काढून वर घालावा; वर हवे असेल तर वरचा स्पेसर खाली आणावा. काढलेला स्पेसर खिशात टाकून मोकळे होऊ नये, कारण शेवटी फोर्कच्या नळीचे तोंड सर्वांत वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिमी खाली राहायला हवे. ते अंतर नसेल तर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येतच नाही.

जुळवताना आधी वरचा बोल्ट बोटांच्या जोराने, किंचित अडेल इतकाच आवळावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे फ्रेम आणि फोर्क यांच्या सांध्यावर ठेवावीत. तिथे ‘टक्’ असे जाणवले तर पाव फेरा आणखी द्यावा. नंतर सायकलचा पुढचा भाग उचलून ती थोडी तिरकी करावी. हँडल स्वतःच्या वजनाने सहज बाजूला पडले पाहिजे. दोन्ही गोष्टी जमल्या की चाकाच्या वर उभे राहून हँडल टायरच्या रेषेला काटकोनात आणावे आणि मगच बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे करून आवळावेत.

किती आवळावेत हे स्टेमवर बहुधा छापलेले असते आणि आकडा साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा, पाना घरोघरी नसतो. ॲलन कीची लांब दांडी बोल्टपासून १० सेंमीवर धरून ५ किलोची पिशवी उचलावी तेवढा जोर लावला, की तो जवळजवळ ५ न्यूटन-मीटर भरतो. त्याहून जास्त जोर म्हणजे ॲल्युमिनियमचे आटे जाण्याला निमंत्रण.

स्पेसरने भागत नसेल तर स्टेम उलटा करून पाहावा. बहुतेक स्टेम ६ ते ७ अंशांच्या कोनाचे असतात आणि साधारण ९० मिमी लांबीचा स्टेम खालच्या कोनातून वरच्या कोनात फिरवला की हँडल सुमारे २ सेंमी वर येते. यासाठी स्टेमच्या पुढची, हँडल धरणारी पट्टी उघडावी लागते. ती परत लावताना चारही बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने आवळावेत आणि पट्टीच्या वरची व खालची फट सारखी दिसते का ते पाहावे. काही आरामदायी हायब्रिडमध्ये कोन बदलता येणारा स्टेम असतो, तर जुन्या धर्तीच्या सायकलींत स्टेमचा खुंट फोर्कच्या आत उतरलेला असतो. अशा खुंटाचा वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हळूच ठोकले की आतली पाचर सुटते. तिथेही मर्यादेची खूण आतच राहिली पाहिजे.

किती उंची योग्य, याचे उत्तर अंगच देते. सुरुवात सीटच्या पातळीवर किंवा तिच्यापेक्षा २-३ सेंमी वर करावी आणि एका वेळी एकच बदल, तोही ५-१० मिमीचा, करून दोन-तीन फेऱ्या माराव्यात. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर तळहातावर भार जास्त येतो आहे. मान आणि खांदे अवघडत असतील तर हँडल बहुधा खाली किंवा दूर आहे. फार उंच हँडलही निर्धोक नाही. सगळे वजन सीटवर येते आणि समोरचा वारा छातीवर बसतो. हँडल दूर वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे हा उपाय मला मान्य नाही, कारण त्याची किंमत गुडघे मोजतात. त्यापेक्षा आखूड स्टेम घ्यावा.

लिव्हरचा कोन या कामात सर्वांत दुर्लक्षित राहतो. सीटवर बसून बोटे लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा दिसावी, मनगट वर किंवा खाली मोडू नये. लिव्हरच्या टोकाला एक-दोन बोटे सहज पोहोचतील इतके ते आत सरकवावे. त्याची पट्टी मात्र फार आवळू नये. सायकल पडली तर लिव्हर फिरून वाचेल, जखडलेले असेल तर तुटेल. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. एखादी केबल ताणली गेली किंवा ब्रेक आपोआप लागला तर ती केबल आता अपुरी पडते आहे आणि ती बदलल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नये.

हे सगळे दोन-तीन फेऱ्यांत पक्के झाले की सामान चढवावे. घंटी अंगठ्याजवळ असावी, मूठ न सोडता वाजली पाहिजे. आपल्याकडे वाहने उजवीकडून ओलांडतात, म्हणून एकच आरसा घ्यायचा असेल तर तो उजव्या मुठीच्या टोकाला बसवावा. मुठी बदलताना आत तेल घालू नये; थोडे स्पिरिट पुरते, ते उडून गेले की मूठ पकड घेते.

कॅरिअर घेताना डिस्क ब्रेकचा विचार आधी करावा. कॅलिपर फ्रेमच्या बाहेर येत असेल तर साध्या कॅरिअरचा पाय त्यावर घासतो. त्यासाठी बाहेरून वळवलेल्या पायाचा कॅरिअर मिळतो. वजनाची मर्यादा कॅरिअरवरच कोरलेली असते, बऱ्याचदा २५ किलो, आणि ती भाजीच्या पिशव्यांसाठी आहे, डबलसीटसाठी नाही. मडगार्ड टायरपेक्षा निदान ८-१० मिमी रुंद असावा आणि दोहोंत बोटभर फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यातला चिखल तिथेच थापला जाऊन चाक अडते. सायकल उभी करण्याचा स्टँड फ्रेमला आवळायचा असेल तर मध्ये रबर घालावे. ॲल्युमिनियमची नळी दिसते तेवढी जाड नसते. बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन बोल्ट ४ मिमीच्या चावीने बसतात, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पॅडल लावताना डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. दोन्ही पॅडल हाताने सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवत बसवावेत आणि पहिले काही फेरे अडले तर पाना लावू नये. पॅडल आणि कॅरिअर-मडगार्डच्या बोल्टांच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावावे, विशेषतः कोकणात किंवा सायकल बाल्कनीत भिजत असेल तर. ते ग्रीस डिस्कच्या चकतीला मात्र लागू देऊ नये.

गतिरोधकांवरून पहिले ५०-१०० किमी झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. स्टेमच्या प्रत्येक बोल्टवरून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली तर दर वेळी चावी घ्यावी लागत नाही; रेघ तुटलेली दिसली, की तो बोल्ट फिरला.