पळणाऱ्या मुलांनी कोकणात कॉलेजचं गाव कसं निवडावं

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पळायला येणारी मुलं विचारतात, "मॅडम, कुठल्या गावात प्रवेश घेऊ?" शाखा आणि मार्क ज्याचे त्याने बघावेत. पण ज्याला रोज पळायचंय आणि रानातलं चार डोळ्यांनी बघायचंय, त्याने गावही पारखून घ्यावं.

प्रवेशाच्या फेऱ्या पावसात येतात, ते बरंच आहे. कागदपत्रं घेऊन जाल तेव्हा एक रात्र मुक्काम करा आणि उजाडताना बाहेर पडा. मार्चमध्ये कोकणातला कुठलाही रस्ता पळण्याजोगा वाटतो. साईडपट्टी शिल्लक राहते की नुसता चिखल, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, कातळाला शेवाळ किती धरतं, हे जुलैतच कळतं. त्याआधी रेक्टरना विचारा, हॉस्टेलचं फाटक किती वाजता उघडतं? ते सातला उघडणार असेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. मुलींनी तर हे पहिलं विचारावं.

वाळूवर पळायची आवड असेल तर रत्नागिरी. पूल ओलांडला की भाट्याचा किनारा. पळायचं ते ओहोटीला, ओल्या टणक वाळूवर. वेळ काढायला आपली जुनी रीत पुरते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला ८ चे पाऊणपट ६, म्हणजे सहाला भरती. त्या सकाळी रस्ताच बरा. पौर्णिमेला १५ चे पाऊणपट, भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे पाचला पाणी मागे गेलेलं. किनारा एका अंगाला उतरता असतो, म्हणून गेलात त्याच वाटेने परत या. नाहीतर एकाच गुडघ्यावर भार येतो.

दापोली उंचावर आहे. हवा जरा थंड, चढ-उतार भरपूर, पाय चांगले तयार होतात. १९७२ सालचं कृषी विद्यापीठ इथेच, वनशास्त्राचं कॉलेजही त्यातच. प्राणी-पक्ष्यांत रमणाऱ्या मुलाला मी हेच गाव सुचवते. कर्दे-मुरूडचा समुद्र मात्र खाली, गाडीशिवाय रोज जमणार नाही. उन्हाळ्याआधी आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघायला जा. अंडी राखलेल्या जाळीच्या कुंपणापासून लांब उभे राहा, टॉर्च आणि फ्लॅश बंद.

सावंतवाडीत मोती तलावाचा सपाट फेरा आणि नरेंद्र डोंगराचा चढ, दोन्ही गावातच. वर आंबोलीच्या पावसाळी रात्री बेडूक बघायला लोक लांबून येतात. तुम्हाला ते एका एसटीवर. घाटात गवे असतात, बिबट्याही असतो. रानाच्या कडेने एकट्याने, अंधारात, कानात गाणी लावून पळू नका. दोघं-तिघं, बोलत जा.

सड्यावर खरी काळजी फुरशाची, या छोट्या विषारी सापाची. दिवसा ते दगडाखाली असतं. दमून बसताना दगड उलटू नका, गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालू नका, संध्याकाळी टॉर्चशिवाय निघू नका. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन कायम असतं का, हे फी भरायच्या आधी स्वतः जाऊन विचारा.