क्रीडा सत्काराची तयारी: तारखेपासून मानपत्रापर्यंत

सत्कार समारंभासाठी दोन महिने हातात असतील तर त्यातला निम्मा वेळ सत्कारमूर्तींची माहिती गोळा करण्यासाठी राखून ठेवावा. बहुतेक ठिकाणी आधी हॉल ठरतो, मग पाहुण्यांची वेळ मिळते, शाली येतात आणि आदल्या रात्री कोणीतरी फोन करतो, "तुमची थोडी माहिती पाठवा हं." मग व्यासपीठावर दहाही जणांबद्दल तेच वाक्य ऐकू येते: क्रीडा क्षेत्रात भरीव योगदान. वीस वर्षे मैदानावर राबलेल्या माणसाला त्या वाक्यात स्वतःचे काहीच सापडत नाही.

तारखेचे मात्र लगेच बघावे. २९ ऑगस्ट, म्हणजे मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय क्रीडा दिन, सगळ्यांनाच हवा असतो. पण गोव्यात ही तारीख काही वर्षी गणेश चतुर्थीच्या आसपास येते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दीड दिवसाचे गणपती विसर्जन होऊन गेले होते, तरी पाच दिवसांचा गणपती असलेल्या घरचा माणूस तिसऱ्या दिवशी फोंड्याला कार्यक्रमाला येणार कसा? अशा वर्षी सरळ सप्टेंबरचा शेवट धरावा. गावची जत्रा, चर्चचे फेस्त, शाळेच्या परीक्षा आणि खेळाडूंची स्पर्धांची वेळापत्रके एका कागदावर मांडून मगच दिवस ठरवावा. फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर किंवा साखळीचे रवींद्र भवन हवे असेल तर आरक्षण आधी करावे. पंचायतीचा हॉल पुरणार असेल तर तोच बरा, गावचे लोक चालत येतात.

निवड समिती पाच जणांची पुरे. त्यांत एक माजी खेळाडू, एक शारीरिक शिक्षण शिक्षक आणि क्रीडा मंडळाबाहेरची एक व्यक्ती असावी. नातेवाइकाचे नाव चर्चेला आले की त्या सदस्याने बाहेर बसायचे, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे. सत्कारमूर्ती आठ ते दहाच ठेवावेत. खेळाडू, दिव्यांग खेळाडू, प्रशिक्षक, पंच, संघटक आणि समाजसेवा एवढे विभाग झाले की वाद कमी होतात.

समाजसेवेच्या विभागाला सर्वांत जास्त मेहनत पडते, कारण त्या कामाची प्रमाणपत्रे नसतात. पावसाळा संपल्यावर मैदानावरचे गवत कापून चुन्याच्या रेषा मारणारा, वाड्यावरच्या पोरांना फी न घेता पोहायला शिकवणारा, रक्तदान शिबिराला अख्खा संघ उभा करणारा, जखमी खेळाडूला स्वतःच्या गाडीतून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेणारा माणूस स्वतःचा अर्ज कधी भरत नाही. त्यामुळे शिफारस दुसऱ्याने करायची आणि तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची: काम नेमके काय, कोणत्या वर्षापासून चालू आहे आणि आजही चालू आहे का. त्यानंतर लाभ झालेल्या दोन माणसांना समितीने स्वतः भेटावे. एकाच शिबिराचे दहा फोटो जोडलेले असतील तर सावध व्हावे. नियमित काम करणाऱ्याकडे फोटो बहुधा नसतातच.

खेळातली कामगिरी तपासताना प्रमाणपत्राची प्रत वाचावी, नुसती पाहू नये. राष्ट्रीय हा शब्द निमंत्रितांच्या स्पर्धेवरही छापलेला असतो. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, वयोगट कोणता, वजनगट कोणता, त्या गटात किती खेळाडू उतरले होते, हे चार मुद्दे नोंदवावेत. तीनच स्पर्धक असलेल्या गटातले कांस्य आणि चाळीसांतले कांस्य यांना एकाच मापाने मोजणे दुसऱ्या खेळाडूवर अन्याय आहे. राज्यविक्रम हा शब्द संबंधित राज्य संघटनेने लेखी कळवल्याशिवाय वापरू नये. धावण्याची वेळ हाताच्या घड्याळाची की इलेक्ट्रॉनिक, तेही विचारावे. बुद्धिबळाचे रेटिंग फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसते. ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये गोव्यात झाली म्हणून प्रत्येक पदकापुढे "गोव्याच्या भूमीत" लिहायचा मोह होतो, पण ट्रॅक सायकलिंग आणि गोल्फच्या लढती दिल्लीत झाल्या होत्या. सांघिक खेळात फक्त कर्णधाराचे नाव छापू नये. राखीव गोलरक्षकासकट पूर्ण यादी मागवावी आणि संघाबरोबर गेलेल्या व्यवस्थापकालाही त्यात घ्यावे.

मानपत्र दीडशे शब्दांच्या आत बसवावे. सावकाश वाचले तर ते दीड मिनिटात संपते, त्याहून लांबले की सभागृहात कुजबुज सुरू होते. विशेषणे काढून तिथे आकडे आणि कृती घालाव्यात. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंबद्दल "अतुलनीय फलंदाज" म्हटल्याने काही कळत नाही. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या आणि त्यांत किंग्स्टनचे द्विशतक होते, एवढे सांगितले की लोक ताठ बसतात. सेवेच्या मानपत्रालाही हीच कसोटी लावावी. "मुलांसाठी झटले" असे न लिहिता "दर रविवारी सकाळी साडेसहाला मैदानाचे फाटक उघडतात" असे लिहावे. पुरस्कारांची वर्षे विशेष तपासावीत. फुटबॉलपटू ब्रह्मानंद शंखवाळकरांचा अर्जुन पुरस्कार १९९७ चा, पद्मश्री २०२२ ची. फुटबॉलपटू ब्रुनो कुतिन्हो यांचा अर्जुन २००१ चा, बुद्धिबळपटू भक्ती कुलकर्णीचा २०२२ चा. भाषणांत या वर्षांची सरमिसळ झालेली पुष्कळदा ऐकू येते. मसुदा सत्कारमूर्तींना दहा दिवस आधी वाचायला द्यावा आणि त्यांनी केलेली दुरुस्ती मुकाट्याने मान्य करावी.

नावांसाठी वेगळा कागद करावा. गावकर की गांवकर, नाईक की नायक, फर्नांडिस की फर्नांडीस, हे त्या घरात कसे लिहितात तसेच लिहायचे. देवनागरी आणि रोमी (रोमन लिपी) अशी दोन्ही रूपे खेळाडूच्या किंवा पालकांच्या हस्ताक्षरात मागवावीत आणि सूत्रसंचालकाने उच्चार फोनवर ऐकून घ्यावा. सन्मानचिन्ह आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइलचे करायचे असेल तर हा कागद आणखीच महत्त्वाचा ठरतो. टाइलवर नाव रंगवून ती भट्टीत भाजली की वेलांटी बदलता येत नाही, नवीन टाइलच करावी लागते. कारागिराकडून कागदावरचा नमुना घेऊन त्यावर दोघांनी सह्या कराव्यात, तीन आठवड्यांची मुदत द्यावी आणि नाव नसलेल्या दोन टाइली जादा घ्याव्यात. वाहतुकीत कोपरे फुटतात.

शाल सत्कारमूर्तींपेक्षा दोन जास्त घ्यावी. कुणबी विणीची लाल चौकड्यांची शाल किंवा उपरणे दिले तर ते इथले वाटते आणि घरी वापरलेही जाते. किमतीचे लेबल आणि घडीतल्या टाचण्या आदल्या दिवशी काढून ठेवाव्यात. व्यासपीठावर टाचणी शोधत बसले की पाहुणाही अवघडतो. नारळ शेंडीसकट घ्यावा आणि हलवून पाण्याचा आवाज ऐकावा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गुच्छाऐवजी महिलांना अबोलीचा वळेसर (गजरा) आणि पुरुषांना एकेक फूल पुरे. रोख बक्षीस असेल तर बँक खात्यात जमा करावे, अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. प्रोटीन पावडरचे डबे देणारा प्रायोजक मिळाला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. अशा पूरक आहारात बंदी असलेला घटक निघाला तर उत्तेजक चाचणीत दोषी खेळाडूच ठरतो, डबा कोणी दिला हे तिथे कामी येत नाही.

व्यासपीठाची उंची टेपने मोजावी. व्हीलचेअरसाठी उताराचे प्रमाण एकास बारा लागते, म्हणजे तीन फूट उंच व्यासपीठाला छत्तीस फुटांचा उतार हवा. तेवढी जागा पंचायतीच्या हॉलात नसते. अशा वेळी चौघांनी खुर्ची उचलून वर नेण्याचा प्रकार मुळीच करू नये, त्यात पडण्याची भीती आहे आणि खेळाडूचा मानही जातो. सगळ्यांचाच सत्कार खाली, व्यासपीठासमोर करावा आणि पाहुण्यांनी खाली उतरावे. वयस्क खेळाडूंसाठी हात असलेल्या खुर्च्या पहिल्या रांगेत, पायऱ्यांजवळ ठेवाव्यात. समईच्या वाती तासभर तेलात भिजवून एकदा पेटवून विझवाव्यात, कोऱ्या वातीला ज्योत पटकन धरत नाही. दीपप्रज्वलनापुरता जवळचा पंखा बंद करायला एक मुलगा स्विचपाशी उभा करावा. बिनतारी माइकचे सेल सकाळीच बदलावेत. ध्वनिक्षेपकाची परवानगी पंधरा दिवस आधी मागावी आणि रात्री दहाची मर्यादा आहे हे धरूनच वेळ आखावी.

दर सत्काराला चार मिनिटे धरली तर दहा जणांची चाळीस मिनिटे होतात. तीन भाषणे, प्रत्येकी सात मिनिटे. साडेचारला सुरू करून साडेसहाला संपवले की वाळपईकडे बसने जाणारा माणूस निर्धास्त बसतो. क्रम लावताना सेवेचे सत्कार आधी घ्यावेत, हे आमचे ठाम मत आहे. लहान खेळाडूंचे सत्कार झाले की त्यांचे नातेवाईक उठू लागतात आणि मैदान राखणाऱ्या माणसाच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. पाहुण्यांना उशीर झाला तर पंधरा मिनिटे थांबावे, मग उपस्थितांतल्या सर्वांत ज्येष्ठ खेळाडूच्या हस्ते सुरुवात करावी. हे पर्यायी नाव आधीच ठरवून त्यांना सांगून ठेवावे.

फोटो आणि मानपत्राची प्रत आठवडाभरात पोचवावी. नोकरी किंवा प्रवेशाच्या अर्जाला त्या कागदांचा उपयोग होतो, म्हणून मानपत्रावर संस्थेचा शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक असावा. निवड न झालेल्यांच्या शिफारशी फायलीत ठेवून शिफारस करणाऱ्यांना तसे कळवावे आणि पुढच्या वर्षीच्या समितीची पहिली बैठक त्याच फायलीवर घ्यावी.