वादळात भिजलेली ट्रंक उघडताय? आधी या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या श्रीवर्धनकडच्या घराची अर्धी कौलं उडाली. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती ती कुणाच्या लक्षातच नव्हती, कारण ताडपत्री, आडवी झालेली सुपारीची वाडी आणि गेलेली लाईट यातच सगळ्यांचं डोकं होतं. गणपती २२ ऑगस्टला, त्याच्या पंधरा दिवस आधी मखराचं सामान शोधताना ती सापडली आणि आत बघतो तर आजीचं काचनळ्यांचं तोरण, आत्याच्या रुखवतातला मोत्यांचा राजहंस, लोकरीची तोरणं, गौरीचा शाडूचा मुखवटा, कामट्यांचा आकाशकंदील, सगळं एकमेकांत अडकलेलं आणि कुबट वास मारणारं. खरं सांगू का, वादळाने जेवढं घालवलं त्यापेक्षा जास्त आम्ही पुढच्या दोन दिवसांत घालवलं.

पहिली चूक म्हणजे ओलं तोरण उन्हात टांगणं. श्रावणात दोन तास ऊन पडलं की आपल्याला राहवत नाही, पापड असो की तोरण, सगळं अंगणात. लोकरीचं तोरण तसंच दोरीवर टांगलं, ओल्या लाल लोकरीचा रंग ओघळून पांढऱ्या फुलांवर उतरला आणि तो आजतागायत गेलेला नाही. सावलीत, आडवं, खाली पांढरा पंचा घालून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचं. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते.

बुरशी दिसली की ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, ती अजून आत जाते आणि पसरते. आधी पूर्ण वाळू दे, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून (तेव्हा मास्कची कमी नव्हतीच) मऊ ब्रशने झटकायची. नुकतंच भिजलं असेल तर एकदोन दिवसांतच बुरशी धरायला लागते, लगेच वाळवणं शक्य नसेल तर कापड-कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतं, म्हणजे चार दिवसांची सवड मिळते. पण हे लाईट असेल तर, आमच्याकडे तीच कित्येक दिवस नव्हती.

शाडूचा मुखवटा धुवायचा नाही!! काकूने चिखल लागलाय म्हणून नळाखाली धरला आणि कानाची पाळी हातात आली. शाडू भाजलेला नसतो, पाण्यात विरघळतो, त्याला नुसतं सावकाश वाळू द्यायचं आणि मग कोरड्या ब्रशने माती काढायची.

आता काचनळ्यांचं तोरण, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. आतला सुती दोरा कुजलेला असतो पण वरून कळत नाही. मी एका टोकाला धरून उचललं आणि निम्मं तोरण जमिनीवर. दोन्ही हातांनी ताटात किंवा पुठ्ठ्यावर सरकवून घ्यायचं, हात लावायच्या आधी मोबाईलवर जवळून फोटो काढायचे, कारण एकदा ओघळलं की कुठल्या रंगानंतर कुठला हे आजीशिवाय कुणाला माहीत नसतं आणि आजी आता नाही. मग एकेक पदर सोडवत तंगुसात (नायलॉनच्या दोऱ्यात) ओवायचं. नळीची तुटलेली कड दोरा कापते म्हणून दोन नळ्यांच्या मध्ये छोटा मणी टाकला, आजीनेही तसंच केलेलं होतं हे फोटो झूम केल्यावर कळलं.

कंदिलाचा चिकटलेला कागद ओढू नका, तो जाऊ दे, कामट्यांचा सांगाडा वाचवा, कागद नवा मिळतो. आतली जुनी दिव्यांची माळ वाळली म्हणून प्लगमध्ये घालायची नाही, सरळ फेकायची.

आणि परत ठेवताना थर्माकोलच्या वस्तूंजवळ डांबरगोळ्या नकोत, थर्माकोल खराब होतं (महाराष्ट्रात २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली, पण जुनी मखरं अजून घरोघरी आहेत). कडुलिंबाचा पाला टाकणार असाल तर कडक वाळलेला. आणि ट्रंक माळ्यावर, कौलांखाली तर अजिबात ठेवायची नाही.

आमचं तोरण आता दरवर्षी देवघराच्या दारावर असतं, अकरा नळ्या कमी आहेत. राजहंसाची तार गंजून मान वाकडी झालीय, आत्याला अजून सांगितलेलं नाही.