एआर-१५ चा ट्रिगर रिसेट होत नाहीये? आधी ट्रिगर कुठे उभा आहे ते बघा

गेल्या उन्हाळ्यात इथे डॅलसजवळच्या रेंजवर माझी एआर-१५ (सेमी-ऑटो रायफल, म्हणजे दर दाबाला एकच गोळी मारते आणि पुढची आपोआप भरते) तिसऱ्या मॅगझिनला, म्हणजे गोळ्यांच्या डब्याला, अचानक मेली. एक राउंड (काडतूस) गेला, खोका (रिकामी पुंगळी) बाहेर पडला, दुसऱ्यांदा बोट दाबलं तर काहीच नाही, ट्रिगर अर्ध्यातच अडकलेला. मी आपला समजून चाललो की स्प्रिंग गेली, घरी आल्या आल्या नवा स्प्रिंग सेट मागवला, चार दिवस वाट बघितली, आणि लोअर (रायफलीचा खालचा अर्धा भाग, ज्यात ट्रिगर बसतो) उघडल्यावर ट्रिगरच्या मागच्या बाजूला खाली काय सापडलं तर एक प्रायमर, म्हणजे राउंडच्या बुडाची ठिणगी पाडणारी टिकली. मसुरीच्या डाळीएवढा तुकडा. आधीच्या कुठल्यातरी राउंडचा प्रायमर खोक्यातून निसटून खाली पडला होता आणि तिथेच अडकला होता. स्प्रिंगचे पैसे वाया गेले ते गेलेच, वर बायकोचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.

म्हणून हे लिहितोय. 'रिसेट होत नाही' असं सगळे म्हणतात पण त्यात दोन वेगळे आजार असतात, एकात ट्रिगरच पुढे येत नाही, दुसऱ्यात ट्रिगर येतो पण हॅमर (राउंड उडवणारा आतला हातोडा) चढत नाही, आणि लोक दोघांना एकच औषध देतात.

सगळ्यात आधी, रेंजवर असं झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट बाहेर, आणि मी सरळ तीस सेकंद थांबतो, कारण राउंड उशिरा पेटण्याची शक्यता असते. मग मॅगझिन काढा, चार्जिंग हँडल (वरच्या भागामागची ओढायची मूठ) ओढून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) मागे अडकवा, चेंबरमध्ये (राउंड बसतो त्या जागेत) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. शेजारच्या लेनवाल्याला दाखवायला रायफल घेऊन गर्रकन वळू नका, रेंज ऑफिसर ओरडेल आणि बरोबरच ओरडेल. घरी काम करताना राउंड त्या खोलीतच नकोत.

आता आत काय होतं ते थोडक्यात. ट्रिगर दाबला की त्याचं पुढचं नाक खाली जातं, हॅमर सुटतो, फायरिंग पिनवर (प्रायमरला ठोकणाऱ्या सळईवर) आपटतो. बोल्ट कॅरियर (बोल्ट ज्यात बसतो तो सरकणारा भाग) मागे येताना हॅमरला परत खाली ढकलतो, आणि तुमचं बोट अजून दाबलेलंच असतं म्हणून हॅमरला डिस्कनेक्टरचा (ट्रिगरवर बसलेल्या छोट्या भागाचा) आकडा धरून ठेवतो. बोट सोडलं की आकडा मागे सरकतो, हॅमर त्याच्यावरून सुटून ट्रिगरच्या नाकावर येतो, 'टिक' असा आवाज येतो. तो टिक म्हणजे रिसेट. आपल्याकडे कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं, त्या रायफलीत ही भानगडच नाही, तिथे प्रत्येक शॉटनंतर बोल्ट हाताने ओढायचा असतो. सेमी-ऑटोत मात्र सगळा खेळ या आकड्यावर आहे.

तर आता पहिल्या आजाराचं निदान. रायफल रिकामी आहे हे परत तपासा, बोल्ट पुढे सोडा, आणि सेफ्टी लावून बघा. एआर मध्ये हॅमर चढलेला (मागे ताणून अडकलेला) नसेल तर सेफ्टी लागतच नाही, आणि ट्रिगर पूर्ण पुढे आलेला नसेल तरी लागत नाही, कारण ट्रिगरची शेपटी (मागचं टोक) वर राहते आणि सेफ्टीच्या दांड्याला अडते. पण आत्ता चार्जिंग हँडल ओढल्यामुळे हॅमर चढलेला असायला हवा, म्हणजे सेफ्टी लागत नसेल तर संशय ट्रिगरवर. ट्रिगरला मागून बोटाने पुढे ढकला. ढकलल्यावर पुढे जातो आणि टिक येतो? मग परत आणायची ताकद कमी आहे किंवा काहीतरी घासतंय. ढकलूनही जात नाही? मग शेपटीखाली कचरा, माझ्यासारखा. याच्या उलट, ट्रिगर पुढे आहे पण दाबलाच जात नाही, जणू सेफ्टी लावलीये असं वाटतं, तर प्रायमर किंवा कचरा पुढच्या नाकाखाली असण्याची शक्यता जास्त.

लोअर वेगळा करा, टॉर्च मारा, उलटा करून हलवा, हवा मारा. निम्म्या वेळा इथेच काम संपतं. काजळी असेल तर सॉल्व्हंट आणि जुना टूथब्रश. नंतर तेल एकच थेंब, शिलाई मशीनला घालतो तसं, हॅमर आणि ट्रिगर जिथे भिडतात तिथे. लोक लोअरमध्ये जाड ग्रीस थापतात आणि मग थंडीत ट्रिगर आळशी होतो, त्यात राख चिकटून चटणी होते ती वेगळीच.

स्वच्छ करूनही फरक नाही तर स्प्रिंग बघा, विशेषतः रायफल स्वतः जुळवलेली असेल तर. ट्रिगर स्प्रिंगचा बंद आडवा भाग ट्रिगरच्या पुढच्या टोकाखाली यायला हवा आणि दोन पाय पुढे, लोअरच्या तळावर टेकलेले. उलटी बसवली तर ट्रिगर लुळा पडतो, ही चूक पहिल्यांदा जुळवणारे बऱ्याचदा करतात. डिस्कनेक्टरच्या छोट्या स्प्रिंगचं एक टोक रुंद असतं, ते खाली, ट्रिगरच्या खड्ड्यात. हॅमर स्प्रिंगचे पाय मागे जाऊन ट्रिगरच्या पिनवर टेकतात, त्यातला एक पाय पिनच्या खाचेत बसून पिनला जागेवर धरतो, तो सुटला तर पिन हळूहळू बाहेर सरकते आणि ट्रिगर तिरका होतो. बाहेरून नुसतं बघितलं तरी पिन वर आलेली दिसते. आणि वरचा भाग काढलेला असताना हॅमरला मोकळा आपटू देऊ नका, अंगठ्याने धरून हळू सोडा, नाहीतर लोअरला खड्डा पडतो.

ॲडजस्टेबल ट्रिगर घातला असेल तर स्क्रू बघा. पुढचा-मागचा खेळ कमी करायच्या नादात लोक स्क्रू इतका आवळतात की ट्रिगरला रिसेटपर्यंत जायला जागाच उरत नाही. कंपनीच्या सेटिंगला परत आणा, लॉकटाइट (स्क्रू पक्का धरणारा गोंद) वाळू द्या.

आता दुसरा आजार. ट्रिगर पुढे आलेला आहे, ढिला आहे, दाबला तर नुसता पोकळ, हॅमर चढलेलाच नाही. इथे ट्रिगरचा दोष बहुतेक नसतोच! कॅरियर पुरेसा मागे आला नाही. खोका जवळच लोळत पडतो किंवा बाहेरच पडत नाही. मॅगझिनमध्ये एकच राउंड घालून मारा, बोल्ट मागे अडकला नाही तर जवळजवळ नक्की. त्याला मागे ढकलतो तो राउंडचा गॅस, मग गॅस की (कॅरियरवरची गॅस आत घेणारी नळी) चे दोन स्क्रू ढिले आहेत का बघा, गॅस ब्लॉक (नळीवरचा, गॅस बाहेर काढणारा भाग) सरकलाय का बघा, आणि बफर (कॅरियरच्या मागचं वजन) बघा. साधा कार्बाइन बफर ३ औंसाच्या आसपास, एच-२ साधारण ४.६ औंस, जड बफर आणि कमजोर स्वस्त राउंड ही जोडी जमत नाही. एका पोराने यासाठी दोन ट्रिगर बदलले होते, शेवटी निघाले ढिले स्क्रू.

तपासणी अशी: रिकामी रायफल, चार्जिंग हँडल ओढा, ट्रिगर दाबा आणि दाबूनच ठेवा, परत हँडल ओढा, आता बोट एकदम हळू सोडा. टिक यायलाच हवा, आणि त्यानंतर दाबलं की हॅमर पडायला हवा. दहा-पंधरा वेळा करा, एकदाही चुकता कामा नये.

पण बोट दाबलेलं असताना किंवा सोडताना हॅमर बोल्टबरोबर आपोआप पुढे सुटत असेल, किंवा रेंजवर एका दाबात दोन राउंड गेले, तर तिथेच थांबा. एक राउंडसुद्धा पुढे मारू नका. डिस्कनेक्टरला कानस लावून 'थोडंसं' जमवायचा उद्योग तर अजिबात नाही, धातूचा वरचा कडक थर गेला की तो भाग फेकायचाच. शिवाय इथे अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे एका ट्रिगर दाबण्यात एकापेक्षा जास्त राउंड जाणारं हत्यार मशीनगन ठरतं, हे डोक्यात असू द्या. रिकामी करून केसमध्ये घाला आणि गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या, काय झालं ते जसंच्या तसं सांगा, स्वतः काय उघडलं तेही लपवू नका.

दुरुस्त झाल्यावर रेंजवर आधी एक राउंड, मग दोन, मग पाच. माझ्या त्या नव्या स्प्रिंग अजून पाकिटातच आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.