घरचे पेशंटला चंगाई सभेला न्यायचं म्हणतायत? मग आधी एवढं बघा

घरात कुणाला फिट येत असतात, कुणाची डोक्याची ट्रीटमेंट चालू असते, कुणाला कॅन्सर निघालेला असतो, आणि अशात ओळखीची कुणीतरी ताई येऊन सांगते की आमच्या पास्टरांच्या सभेला (प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणतात ती चंगाई सभा) एकदा आणा तर खरं, डॉक्टरांनी हात टेकलेले लोक तिथून चालत गेलेत. मग घरात दोन पार्ट्या पडतात. आई म्हणते जाऊन बघायला काय जातंय, आणि कॉलेजात शिकणारं पोरगं म्हणतं हे सगळं थोतांड आहे, आणि त्या भांडणात पेशंट बाजूलाच राहतो.

तर पहिली गोष्ट म्हणजे देव आहे की नाही यावर भांडत बसू नका. ते भांडण तुम्ही जिंकणार नाही आणि जिंकलात तरी पेशंटला त्याचा काडीचा उपयोग नाही. भांडायचंच असेल तर गोळ्यांवरून भांडा. सभेला जायचं तर जा, तेल लावा, उपास करा, पण गोळी चुकवायची नाही, या एका अटीवर घरातल्या सगळ्यांकडून हो म्हणून घ्या आणि गोळ्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात ठेवा. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येत राहू शकतात, थांबतच नाहीत, त्यात माणूस जाऊ शकतो. ज्या पोरांना लहानपणापासून इन्सुलिन लागतं त्यांचं ते बंद केलं तर थोड्या दिवसांत जिवावर बेततं. टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्या तर पुढे तीच गोळी लागू पडेनाशी होऊ शकते. बीपीचं तर काय, वाढलेलं बीपी बऱ्याचदा कळतच नाही, कधी थेट लकवा मारल्यावरच कळतं.

आता मानसिक आजाराच्या गोळ्यांचं बघा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. या गोळ्यांनी झोप येते, अंग जड होतं, वजन वाढतं, हात थरथरतात. गोळी बंद केली की आधी हा त्रास जातो, माणूस ताजातवाना दिसतो, हसतो, बोलतो, घरचे म्हणतात बघा, किती वर्षांनी असा दिसला. मूळ आजार मात्र बऱ्याचदा लगेच उलटत नाही, काही आठवडे किंवा महिने जातात. आणि नेमकं याच मधल्या काळात त्याला स्टेजवर उभं करून "मी बरा झालो" अशी साक्ष द्यायला लावतात, व्हिडिओ काढतात, तो व्हिडिओ सगळीकडे फिरतो. पुढे तो परत आजारी पडला, रात्र रात्र जागाच राहिला, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. त्यामुळे साक्षीचा व्हिडिओ पाठवला कुणी तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की हा कधीचा आहे आणि आज हा माणूस कसा आहे, फोन करता येईल का त्याला.

दुसरा प्रश्न कागदांचा. आधीचा रिपोर्ट कुठाय, नंतरचा कुठाय, दोन्ही डॉक्टरांनी लिहिलेले आहेत का, आणि मधल्या काळात कुठली ट्रीटमेंट चालू होती. "डॉक्टर पण चकित झाले" असं सांगतात, तर त्या डॉक्टरचं नाव विचारा, दहातल्या नऊ वेळा तिथेच गाडी अडते. मदर तेरेसांच्या बाबतीतलंच बघा ना. मोनिका बेसरा नावाच्या बंगालमधल्या बाईच्या पोटातली गाठ १९९८ साली पोटावर धार्मिक मेडल (पदक) ठेवून प्रार्थना केल्यावर गेली असं सांगितलं गेलं, त्या चमत्कारावरच २००३ मध्ये व्हॅटिकनने मदर तेरेसांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, पण तिच्यावर उपचार करणारे बालूरघाटच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगत होते की अहो ते टीबीचं होतं आणि महिनोन्महिने आमच्या गोळ्या चालू होत्या. म्हणजे औषध आणि प्रार्थना दोन्ही चालू असतील तर क्रेडिट कुणाला जातं ते बघायचं.

आणि खरोखर मागे लागून तपासलं तर काय निघतं? अमेरिकेत विल्यम नोलन नावाचे एक सर्जन होते, त्यांनी १९७० च्या दशकात कॅथरिन कुलमन या तेव्हाच्या फार गाजलेल्या बाईंच्या सभेतून "बरे झालेले" २३ लोक शोधून काढले आणि त्यांचा पाठपुरावा केला. एकही जण खऱ्या अर्थाने आजारातून उठलेला निघाला नाही. त्यात एक बाई होती मणक्याच्या कॅन्सरची, तिने सभेत पाठीचा पट्टा काढून फेकला आणि स्टेजवर पळून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मणका ढासळला, चार महिन्यांनी गेली. ती बाई खोटं बोलत नव्हती हे लक्षात घ्या. हजारो लोकांचा आवाज, गाणी, टाळ्या, अंगात आलेला जोश, यात दुखणं खरंच काही वेळ जाणवत नाही. म्हणून स्टेजवरच्या माणसाला ढोंगी म्हणू नका, त्याला त्या क्षणी बरंच वाटत असतं.

ढोंग असलंच तर ते बहुतेक वेळा माइक धरणाऱ्याकडे असतं, सगळ्याच नाही पण काहींकडे नक्की. अमेरिकेतला टीव्हीवरचा प्रचारक पीटर पॉपॉफ स्टेजवरून लोकांची नावं, पत्ते, आजार घडाघडा सांगायचा, म्हणे देव सांगतो. १९८६ मध्ये अशी ढोंगं उघडी पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की कानात छोटा रिसीव्हर आहे आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याची बायकोच बोलतेय, लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थना-कार्डांवरून वाचून. हे टीव्हीवर दाखवलं गेलं, पुढच्या वर्षी त्याने दिवाळं जाहीर केलं. आणि नंतर तोच माणूस चमत्काराच्या पाण्याच्या पुड्या घेऊन परत टीव्हीवर आला, आता बोला.

त्यामुळे सभेला गेलातच तर डोळे उघडे ठेवून बसा. आत जाताना कुणी फॉर्म भरून घेतला का, नाव आणि आजार लिहून घेतला का? व्हीलचेअरवरून उठून चालणारा माणूस व्हीलचेअरवर आला होता की गेटवर त्याला बसवलं, कारण चालत आलेल्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची आणि मग स्टेजसमोर उठवायचं हा तिकडचा जुना धंदा आहे. आखूड पाय लांब करून दाखवतात तेव्हा पायाकडे बघू नका, बुटाच्या टाचेकडे आणि पाय धरणाऱ्याच्या हाताकडे बघा, एका पायातला बूट जरासा ओढून ठेवला आणि मग परत ढकलला की पाय इंचभर "वाढतो". बहिरा ऐकू लागला म्हणाले तर आधी अजिबातच ऐकू येत नव्हतं की एका कानाने येत होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेजवर कोण पोचतं? पाठदुखी, डोकेदुखी, गुडघे, "गाठ विरघळल्यासारखी वाटतेय" हे पोचतात. तुटलेला हात, पोलिओचा पाय, डाउन सिंड्रोमचं पोर, यांना स्वयंसेवक गोड बोलून मागेच बसवतात. कधी त्या मागच्या रांगेत जाऊन बसून बघा.

आता सैतानाचं. हे जास्त घातक वाटतं मला, कारण चंगाई होवो न होवो, पण "तुझ्यात अशुद्ध आत्मा आहे" हे एकदा डोक्यात बसलं की पेशंट स्वतःलाच घाबरायला लागतो. घरात असं कुणी म्हणालं तर लक्षणं वहीत लिहून काढा, साध्या भाषेत, तारीख-वेळ टाकून, आणि जमलं तर मोबाईलवर शूटिंग करा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. रात्री छातीवर कुणी बसलंय, जागं आहे पण हलता येत नाही, ओरडता येत नाही, हा झोपेचा प्रकार आहे, भल्याभल्यांना होतो. नजर शून्यात, तोंड चावल्यासारखं करणं, मग काही आठवत नाही, ही फिट असू शकते, सगळ्या फिट काही हातपाय झाडणाऱ्या नसतात. बाळंतपणानंतर काही दिवसांत बाई असंबद्ध बोलायला लागली, झोप उडाली, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही, बाळाला पण धोका असतो. आणि चांगली हसती-खेळती मुलगी आठवड्या-दोन आठवड्यांत एकदम वेडंवाकडं बोलायला लागली, भास, आकड्या, तोंडाच्या विचित्र हालचाली, तर मेंदूला सूज आणणारा एक आजार असतो, २००७ मध्ये त्याचं नीट वर्णन झालं, बघणाऱ्याला शंभर टक्के भूत वाटावं असा, आणि वेळेत उपचार मिळाले तर बरेच पेशंट चांगले सुधारतात.

उशीर केला तर काय होतं ते जर्मनीत झालंय. अ‍ॅनेलीज मिशेल, बव्हेरियातली, शिकलेली मुलगी, फिटचं निदान झालेलं. १९७५-७६ मध्ये बिशपच्या परवानगीने तिच्यावर भूत काढायचा विधी ६७ वेळा केला, शेवटी शेवटी तिने खाणं सोडलं आणि डॉक्टर तर कुणी बोलावलाच नाही. १ जुलै १९७६ ला गेली तेव्हा वय २३ आणि वजन जेमतेम ३० किलो. आईवडील आणि दोन पाद्री कोर्टात दोषी ठरले. कॅथलिक चर्चच्या १९९९ च्या नव्या विधी-पुस्तकात तर स्पष्टच आहे की आजारी माणसाला उगाच पछाडलेला समजू नका, गरज पडली तर वैद्यकीय जाणकारांना विचारा. रोमला जे कळलं ते गल्लीतल्या पास्टरांना कळायला हरकत नाही.

सैतानवाल्या निदानाची खरी गंमत अशी की ते कधी चुकतच नाही. बरं वाटलं तर आत्मा गेला, नाही वाटलं तर विश्वास कमी पडला, परत त्रास झाला तर बायबलातलं मत्तय १२ काढून दाखवतात की गेलेला आत्मा आणखी सात जण घेऊन परत येतो. म्हणून सुरुवातीलाच शांतपणे विचारा, पास्टर, किती दिवसांत काय फरक दिसला पाहिजे, आणि नाही दिसला तर आपण काय समजायचं? तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, सगळ्यांसमोर.

घरच्यांशी बोलताना बायबल हातात असलं तर काम सोपं होतं, टिंगल केलीत तर मावशी दार लावून घेईल. "मावशी, तू प्रार्थना कर ना, मी कुठे नको म्हणतोय. पण मत्तय ९ मध्ये येशूच म्हणतो ना, आजाऱ्यांना वैद्याची गरज असते. आणि लूक स्वतः वैद्य होता." जन्मांधाची गोष्ट पण आहेच, योहान ९, शिष्य विचारतात पाप कुणाचं, तर येशू म्हणतो याचंही नाही, याच्या आईबापाचंही नाही. मार्क ९ मधला तोंडाला फेस येऊन ताठ होणारा मुलगा पुढे करतील, तर एवढंच म्हणा की हे वर्णन आजच्या कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला वाचून दाखव, तो काय म्हणतो बघू. आणि आपल्याकडची उदाहरणं द्या, मिरजेत वानलेस डॉक्टर मिशनरी म्हणून आले आणि त्यांनी हॉस्पिटल उभं केलं, जामखेडला १९७० पासून आरोळे पती-पत्नींनी गावोगावच्या बायांना आरोग्याचं शिकवलं, दोघं पक्के ख्रिस्ती. यांनी काय तेल लावून लोकांना घरी पाठवलं का?

तरी कुणी म्हणालंच की प्रार्थनेचा परिणाम सायन्सने सिद्ध झालाय, तर २००६ चा अमेरिकेतला प्रयोग सांगा, १८०२ बायपासचे पेशंट. ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांच्यात कॉम्प्लिकेशन ५२ टक्के, ज्यांच्यासाठी नाही केली त्यांच्यात ५१, आणि ज्यांना पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे त्यांच्यात उलट ५९. पण खरं सांगू, आकड्यांनी मावशी हलत नाही. त्यापेक्षा पास्टरांनाच गाठा, एकटं, अदबीने, आणि म्हणा की गोळी चालू ठेव हे तुमच्या तोंडून तिला सांगा, ती तुमचं ऐकते. बरेच जण सांगतात हो, त्यांची स्वतःची पण शुगरची गोळी चालूच असते. जो सांगायला नकार देतो, त्याच्याकडे परत पेशंट न्यायचा नाही, तिथे भिडस्तपणा नको.

मारहाण, बांधून ठेवणं, भूत आहे म्हणून दवाखान्यात जाऊच न देणं, चमत्कार दाखवून पैसे काढणं, यावर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा, ५ हजार ते ५० हजार दंड. पोलिसांत या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव घेऊनच तक्रार द्या. नुसती प्रार्थना हा गुन्हा नाही, आणि हे वाचून कुणाला चर्चसमोर घोषणा द्यायला जायचं असेल तर त्यांनी आधी आपल्या गावच्या भगताकडे आणि बाबाकडे जाऊन यावं, कायदा सगळ्यांना एकच आहे.

आणि गोळी सोडलेला माणूस परत बिघडला तर "बघ, सांगितलं होतं" हे मनात आलं तरी बोलू नका, तो आधीच लाजलेला असतो, आणि तुम्ही तसं बोललात तर पुढच्या वेळी तुम्हाला कळवणारच नाही. थेट जुन्याच डॉक्टरकडे न्या, बंद गोळी घरच्या घरी पूर्वीच्याच डोसने सुरू करू नका, काही गोळ्या परत हळूहळू वाढवाव्या लागतात. रात्र असेल, कुणी मिळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, पण फिट थांबतच नसेल किंवा माणूस शुद्धीवर नसेल तर तिथे नाही, सरळ १०८ ला लावा. फोन करताना जुनी फाईल, गोळ्यांची नावं आणि शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख जवळ ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात.